सामायिक टॅक्सी-प्रवास : कल्पना, गणित आणि धडे

भाड्याच्या मोटारीत पुष्कळदा एकच उतारू बसलेला असतो. उरलेली आसने रिकामी जातात. परंतु इंधन, रस्ता आणि चालकाचा वेळ ही तिन्ही साधने संपूर्ण मोटारीसाठीच खर्ची पडतात. या रिकाम्या आसनांचा उपयोग करून उतारूंचा प्रवास स्वस्त करावा, रस्त्यावरील गर्दी कमी करावी आणि चालकाच्या पदरातही दोन पैसे अधिक पडावेत, या हेतूने मोबाईल फोनवरील ॲपद्वारे टॅक्सी पुरविणाऱ्या कंपन्यांनी २०१४ पासून सामायिक प्रवासाची सोय सुरू केली. हा प्रयोग काही काळ झपाट्याने पसरला, मध्यंतरी बंद पडला आणि पुढे बदललेल्या रूपात पुन्हा सुरू झाला. स्वस्त प्रवास ही शहरातील नोकरदारांइतकीच तालुक्याच्या गावी शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णांचीही गरज आहे. म्हणून या प्रयोगातून काय साधले व काय साधले नाही, याचा विचार परिवहनाशी संबंधित अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

जुनी कल्पना, नवे साधन

अनेक उतारूंनी मिळून एक वाहन करावे, ही कल्पना आपल्याला मुळीच नवी नाही. मुंबईत रेल्वे स्थानकापासून कचेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या शेअर टॅक्सी, उपनगरांतील शेअर रिक्षा, पश्चिम महाराष्ट्रातील वडाप आणि अन्य जिल्ह्यांतील काळी-पिवळी जीप ही याच कल्पनेची रूपे होत. परदेशांतही हाच अनुभव आहे. अमेरिकेत १९१४ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे पाच सेंट भाड्यात उतारू नेणाऱ्या 'जिटनी' मोटारी सुरू झाल्या व वर्षभरात त्या देशभर पसरल्या. ट्रामकंपन्यांचे उत्पन्न घटू लागताच नगरपालिकांनी त्यांच्यावर कडक निर्बंध घातले आणि काही वर्षांतच त्या बहुतांशी नाहीशा झाल्या. तुर्कस्तानातील 'दोलमुश', केनियातील 'मटाटू' आणि फिलिपाईन्समधील 'जीपनी' ही वाहने मात्र टिकून राहिली. 'दोलमुश' या शब्दाचा अर्थच 'भरलेली' असा आहे.

या सर्व जुन्या पद्धतींत एक समान सूत्र दिसते. मार्ग ठरलेला असतो, चढण्याची जागा ठरलेली असते आणि वाहन भरले की ते निघते. उतारू वाहनाकडे चालत येतो व वाहन उतारूंसाठी थांबते. ॲपवरील सामायिक प्रवासाने हे सूत्र उलटे केले. वाहन भरण्याची वाट न पाहता पहिल्या उतारूला घेऊन निघावयाचे आणि वाटेत त्याच दिशेला जाणारा दुसरा उतारू शोधून त्याला दारातूनच घ्यावयाचे, अशी ही योजना होती.

प्रयोगाचा आरंभ व प्रसार

उबर आणि लिफ्ट या दोन कंपन्यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे अनुक्रमे 'उबरपूल' व 'लिफ्ट लाइन' या नावांनी ही सेवा सुरू केली. भारतात बंगळूर शहरात सप्टेंबर २०१५ मध्ये उबरपूल आणि त्यापाठोपाठ 'ओला शेअर' या सेवा आल्या व लवकरच इतर मोठ्या शहरांतही पोहोचल्या. एकट्याने प्रवास करण्यापेक्षा भाडे बरेच कमी असल्यामुळे नोकरदार व विद्यार्थी वर्गात त्यांना चांगला प्रतिसाद मिळाला.

या सेवेचे अंतरंग थोडक्यात असे आहे. उतारू आपले निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण ॲपवर नोंदवितो. कंपनीची संगणक यंत्रणा जवळपास धावत असलेल्या वाहनांचे मार्ग तपासते आणि नव्या उतारूला घेतल्यास आधीच्या उतारूला किती वळसा पडेल व किती मिनिटे उशीर होईल, हे मोजते. हा उशीर ठरावीक मर्यादेत असेल तरच दोघांची जोडी जमविली जाते. उतारूने फार वेळ वाट पाहावयास लावू नये आणि एका नोंदणीवर दोहोंपेक्षा अधिक आसने घेऊ नयेत, असे नियमही या पद्धतीसोबत आले. कारण एकाच्या दिरंगाईचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो.

भाड्याचे गणित

या व्यवस्थेचे खरे मर्म तिच्या हिशेबात आहे. समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शिक्षकांनाही ते वर्गात सांगता येईल.

समजा, दोन उतारूंना प्रत्येकी १२ किलोमीटर जावयाचे आहे आणि भाडे किलोमीटरला २० रुपये आहे. दोघांनी स्वतंत्र मोटारी केल्या तर प्रत्येकाला २४० रुपये, म्हणजे दोघांना मिळून ४८० रुपये पडतील आणि मोटारी एकूण २४ किलोमीटर धावतील. आता दोघे एकाच मोटारीने गेले आणि वळसा धरून मोटार १५ किलोमीटर धावली असे मानू. प्रत्येकाकडून एक तृतीयांश कमी, म्हणजे १६० रुपये घेतले, तर एकूण ३२० रुपये जमतील. किलोमीटरमागे उत्पन्न २१ रुपये ३३ पैसे झाले. उतारूंचे प्रत्येकी ८० रुपये वाचले, मोटारींची धाव ९ किलोमीटरने कमी झाली आणि किलोमीटरमागील मिळकत वाढली. सर्वांचाच लाभ झाला.

परंतु दुसरा उतारू मिळालाच नाही तर? पहिल्या उतारूला १६० रुपयांचा भाव आधीच सांगितलेला आहे. मोटार १२ किलोमीटर धावली आणि किलोमीटरमागे १३ रुपये ३३ पैसेच हाती आले. ही ८० रुपयांची तूट कोणीतरी सोसावी लागते. आता विचार असा की, मूळचा २० रुपयांचा दर टिकविण्यासाठी किती फेऱ्यांत जोडी जमली पाहिजे? पाच फेऱ्यांपैकी चार फेऱ्या जमल्या व एक जमली नाही, तर एकूण उत्पन्न १,४४० रुपये व एकूण धाव ७२ किलोमीटर होते. म्हणजे दर बरोबर २० रुपये पडतो. याचा अर्थ असा की, पाचांपैकी चार फेऱ्यांहून कमी फेऱ्या जमल्यास या भावात ही सेवा तोट्यात जाते. निम्म्याच फेऱ्या जमल्या तर दर १७ रुपये ७८ पैशांपर्यंत खाली येतो. अधिक वेळा थांबणे, उतारू शोधणे आणि वळसे घेणे यांत जाणारा चालकाचा वेळ तर या हिशेबात धरलेलाच नाही.

आरंभीच्या वर्षांत कंपन्यांनी जोडी जमो वा न जमो, कमी भाड्याचे वचन दिले होते. नवे उतारू मिळवण्यासाठी ही तूट भांडवलातून भरून काढली जात होती. असा स्वस्तपणा भांडवल पुरेल तेवढाच काळ टिकतो. पुढे २०२२ च्या जूनमध्ये उबरने अमेरिकेत ही सेवा नव्या नावाने पुन्हा सुरू केली, तेव्हा पद्धत बदलली. आधी थोडीशीच सूट द्यावयाची आणि सहप्रवासी खरोखर मिळाल्यास आणखी सूट, एकूण २० टक्क्यांपर्यंत, द्यावयाची असे ठरले. सूट आणि प्रत्यक्ष बचत यांची सांगड घातली गेली, हा या बदलाचा गाभा होय.

दाट मागणीची अट

जोडी जमणे हे मुख्यतः मागणीच्या दाटीवर अवलंबून असते. एकाच भागातून, एकाच वेळी, एकाच दिशेने जाणारे उतारू जितके अधिक तितका वळसा कमी व प्रतीक्षा थोडी. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कमधील टॅक्सी फेऱ्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, उतारूंनी थोडा उशीर पत्करल्यास टॅक्सींची एकूण धाव ४० टक्के वा त्याहून अधिक कमी करता येईल. २०१७ मधील दुसऱ्या अभ्यासात तर चार आसनांच्या ३,००० मोटारी तेथील टॅक्सींच्या मागणीपैकी ९८ टक्के मागणी पुरी करू शकतील, असे गणिताने दाखविण्यात आले. त्या वेळी शहरात १३,००० हून अधिक टॅक्सी होत्या.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत. तथापि ते मॅनहॅटनसारख्या अतिशय दाट वस्तीतील आहेत आणि सर्वच उतारू सामायिक प्रवासास राजी आहेत, असे धरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात अनेकजण एकट्यानेच जाणे पसंत करतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सामायिक मोटारीत बसणारा उतारू पूर्वी कशाने प्रवास करीत होता, ही होय. तो स्वतःची मोटार सोडून आला असेल तर गर्दी कमी होते. बस किंवा रेल्वे सोडून आला असेल तर गर्दी वाढते. अमेरिकेतील वाहतूक-तज्ज्ञ ब्रूस शॅलर यांनी २०१८ च्या आपल्या अहवालात असे दाखवून दिले की, मोठ्या शहरांत ॲप-टॅक्सीने जाणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक एरवी बसने, रेल्वेने, पायी वा सायकलने गेले असते, किंवा गेलेच नसते. खासगी मोटारीची एक मैल धाव कमी होते तेव्हा ॲप-टॅक्सींची २.८ मैल धाव नव्याने वाढते, आणि सामायिक फेऱ्या धरूनही हा आकडा २.६ पर्यंतच उतरतो, असा त्यांचा हिशेब आहे. सामायिक प्रवासाने गर्दी आपोआप घटेल, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.

काही नगर-प्रशासनांनी करांच्या मार्गाने सामायिक प्रवासाला उत्तेजन दिले. न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी २०१९ पासून मॅनहॅटनच्या गर्दीच्या भागातील ॲप-टॅक्सीच्या एकट्या फेरीवर २.७५ डॉलर, तर सामायिक फेरीवर ०.७५ डॉलर अधिभार ठेवण्यात आला. शिकागो शहरानेही जानेवारी २०२० पासून एकट्या फेरीपेक्षा सामायिक फेरीवर कमी कर आकारला. कर जागेच्या वापराप्रमाणे असावा, हे यामागील तत्त्व आहे.

पुन्हा थांब्याकडे

दारापासून दारापर्यंत सेवा द्यावयाची आणि भाडेही कमी ठेवावयाचे, या दोन गोष्टींचा मेळ बसविणे कठीण आहे, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानी आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये उबरने अमेरिकेतील काही शहरांत उतारूंनी थोडे चालून ठरलेल्या कोपऱ्यावर यावे व दोन मिनिटे थांबावे, अशी आणखी स्वस्त सेवा काढली. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे भारतासह सर्वत्र सामायिक प्रवास थांबविण्यात आला. नंतर मे २०२५ मध्ये अमेरिकेतील काही शहरांसाठी गर्दीच्या वेळी ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवरून, दर वीस मिनिटांनी सुटणारी सामायिक मोटार सेवा जाहीर झाली. भारतात मुंबईत २०१५ पासून ॲपवर आसन राखून ठेवण्याच्या खासगी बससेवा आहेत, तर दिल्ली सरकारने २०२३ मध्ये अशा बससेवांसाठी स्वतंत्र अनुज्ञप्ती योजना केली.

म्हणजे दशकभराच्या प्रयोगानंतर ही नवी सेवा ठरलेला मार्ग, ठरलेला थांबा आणि ठरलेली वेळ यांकडे परतली. आपल्या शेअर रिक्षावाल्यांना व उतारूंना ही गोष्ट अनुभवाने पूर्वीच ठाऊक होती. नव्या साधनाने जी भर घातली ती वेगळी आहे : भाडे आधी कळते, वाहनाची व चालकाची नोंद राहते आणि कोणत्या वेळी किती उतारू कोठे जातात याची बिनचूक माहिती जमते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये प्रवासी वाहनांचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'टप्पा वाहतूक' म्हणजे सहाहून अधिक उतारूंना स्वतंत्र भाडे घेऊन पूर्ण मार्गावर वा टप्प्याटप्प्याने नेणारे वाहन, एस. टी. बस हे त्याचे उदाहरण. 'कंत्राटी वाहतूक' म्हणजे संपूर्ण वाहन करारावर घेऊन, करारात नसलेल्या उतारूंना वाटेत न घेता वा न उतरविता केलेली वाहतूक. टॅक्सी दुसऱ्या प्रकारात मोडते; मात्र टॅक्सीतील उतारूंकडून स्वतंत्र भाडे घेतले तरी ती कंत्राटी वाहतूकच राहते, असेही व्याख्येत म्हटले आहे. वाटेत दुसरा उतारू घेणे या व्याख्येत बसते काय, हा वादाचा मुद्दा होता. कर्नाटकच्या परिवहन खात्याने २०१७ च्या प्रारंभी याच कारणास्तव सामायिक सेवेस हरकत घेतली होती.

२०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात 'समुच्चयक' म्हणजे उतारू व चालक यांची संगणकीय माध्यमातून गाठ घालून देणारी संस्था, ही संज्ञा आली आणि तिला राज्य शासनाची अनुज्ञप्ती आवश्यक झाली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व जुलै २०२५ मध्ये ती सुधारली. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये आपले समुच्चयक धोरण मंजूर केले. त्यात गर्दीच्या वेळचे भाडे मूळ भाड्याच्या दीडपटीहून अधिक नसावे, सूट मूळ भाड्याच्या २५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि फेरीच्या भाड्यापैकी किमान ८० टक्के रक्कम चालकास मिळावी, अशा तरतुदी आहेत. सुटीवरील मर्यादेचे महत्त्व वरील हिशेबावरून सहज लक्षात येईल. अवाजवी सूट आज उतारूला सुखावते, पण तिचा भार बहुधा चालकावर आणि कालांतराने उतारूवरच येतो.

चालक आणि स्त्री-उतारू

सामायिक फेरीत चालकाचे काम वाढते. दोन-तीन ठिकाणी थांबावे लागते, एका उतारूचा उशीर दुसऱ्याला समजावून सांगावा लागतो आणि तक्रार झाल्यास तिचा परिणाम चालकाच्या मूल्यांकनावर होतो. या कामाचा वेगळा मोबदला मिळत नसेल तर चालक अशा फेऱ्या टाळू लागतो, हे स्वाभाविक आहे. म्हणून भाड्यातील बचतीचा वाटा उतारू, कंपनी आणि चालक या तिघांत कसा वाटला जातो, हे पाहिल्यावाचून कोणत्याही सामायिक योजनेचे मूल्यमापन पुरे होत नाही. बंगळूर येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'नम्मा यात्री' या ॲपने दलालीऐवजी ठरावीक वर्गणी घेण्याचा मार्ग धरला, तर टॅक्सीचालकांची बहुराज्य सहकारी संस्था २०२५ मध्ये स्थापन झाली. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने या प्रयोगांकडे बारकाईने पाहणे उचित होईल.

अनोळखी व्यक्तीबरोबर बंद मोटारीत बसण्याचा संकोच, विशेषतः रात्रीच्या वेळी, स्त्रियांना वाटतो. हा प्रश्न सोडविल्याखेरीज सामायिक प्रवास सर्वांचा होऊ शकत नाही. केंद्राच्या २०२० च्या तत्त्वांत स्त्री-उतारूला केवळ स्त्रियांबरोबरच सामायिक प्रवास करण्याचा पर्याय देण्याची तरतूद होती आणि राज्याच्या धोरणातही तशी सोय आहे. प्रवासी वाहनांत १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठी स्थान-निदर्शक यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटण बंधनकारक करण्यात आले. ११२ हा क्रमांक आणि या बटणाचा उपयोग यांची माहिती शाळा-महाविद्यालयांतून दिली पाहिजे.

ग्रामीण भागासाठी विचार

खेड्यापाड्यांत मागणी विरळ असते. त्यामुळे शहरातील पद्धत जशीच्या तशी तेथे चालणार नाही. वरील गणितात पाचांपैकी चार फेऱ्यांत जोडी जमावी लागली. विखुरलेल्या वाड्यांवर दिवसभरात इतक्या जोड्या जमणे अशक्यप्राय आहे. परंतु ग्रामीण मागणीचा एक विशेष असा की, ती वेळेच्या दृष्टीने एकवटलेली असते. आठवड्याचा बाजार, शाळा सुटण्याची वेळ, तालुक्याच्या कचेरीचे कामकाज, ग्रामीण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग या ठरावीक वेळी उतारू एकाच दिशेने जातात. अशा वेळांची नोंद असेल तर ॲप नसतानाही सामायिक वाहन भरते.

या दृष्टीने ग्रामपंचायतींना काही कामे सहज करता येतील. गावातून कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोठे व किती लोक जातात, याची आठवडाभर नोंद ठेवावी. शाळेतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली ही पाहणी करू शकतील. तिचा तक्ता एस. टी. आगार आणि प्रादेशिक परिवहन कार्यालय यांच्याकडे पाठवावा. वेळापत्रकात अर्ध्या तासाचा बदल केल्यानेही पुष्कळदा गैरसोय दूर होते. सामायिक वाहनांचा थांबा निश्चित करून तेथे मंजूर भाड्याचा फलक लावावा. आसनसंख्येहून अधिक उतारू भरण्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक जादा उतारूमागे २०० रुपये दंड आहे; तथापि दंडापेक्षा जीविताचा धोका मोठा आहे, हे चालक व उतारू दोघांनाही पटवून द्यावे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावल्यापासून एस. टी. ने उत्पन्न देणारे आणि न देणारे असे दोन्ही मार्ग सांभाळले आहेत. स्त्रियांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत मिळते आणि शाळकरी मुलींसाठी पासाची सोय आहे. भरगच्च वेळचे उतारू खासगी सामायिक वाहनांनी उचलले आणि विरळ वेळच्या फेऱ्या तेवढ्या एस. टी. कडे राहिल्या, तर त्या फेऱ्या बंद पडण्याची भीती असते. अमेरिकेतील जिटनीचा वाद याच स्वरूपाचा होता. त्यावर उपाय बंदीचा नव्हे. सामायिक वाहनाने वाडीवरील उतारूला मुख्य रस्त्यावरील बस-थांब्यापर्यंत आणावे आणि पुढचा लांबचा प्रवास बसने व्हावा, अशी जोड घालणे अधिक हिताचे आहे.

उपसंहार

सामायिक प्रवासाचा स्वस्तपणा कोठून येतो, हा प्रश्न प्रत्येक योजनेला विचारावयास हवा. तो रिकामी आसने भरल्याने येत असेल, तर तो टिकाऊ असतो व समाजाचे इंधन आणि रस्ता दोन्ही वाचवितो. तो चालकाची मिळकत कापून, गाडीत जादा माणसे कोंबून वा कोणाच्या तरी भांडवलाच्या आधारावर येत असेल, तर तो फार दिवस चालत नाही. हा भेद ओळखून अधिकाऱ्यांनी अनुज्ञप्ती व थांबे यांचे नियोजन करावे, पंचायतींनी गावाच्या गरजेची नोंद पुढे ठेवावी आणि शिक्षकांनी हा हिशेब मुलांना उकलून दाखवावा. असे झाल्यास वाडीवरील मुलीला महाविद्यालयात आणि रुग्णाला दवाखान्यात वेळेवर, परवडणाऱ्या भाड्यात व सुरक्षितपणे पोहोचविणारी व्यवस्था आपल्याच अनुभवातून उभी राहू शकेल.